प्रदेशाभ्यास आणि पदवीचा विद्यार्थी : शिरपूरच्या निमित्ताने

१

एखाद्या भूप्रदेशातील भाषा आणि संस्कृती यांचा एकत्रित अभ्यास हा पदवीच्या पातळीवरील स्वतंत्र विषय होऊ शकतो, ही कल्पना मराठी विद्यापीठीय परंपरेत फारशी रुजलेली नाही. आपल्याकडील पदवीचा विद्यार्थी मराठी घेतो, इतिहास घेतो, भूगोल किंवा समाजशास्त्र घेतो. 'खानदेश' हा विषय तो घेऊ शकत नाही. प्रदेश हा या सर्व विषयांना उदाहरणे पुरवतो, परंतु अभ्यासाचे एकक म्हणून त्याला स्थान नाही. याउलट लंडन, फिलाडेल्फिया किंवा शिकागो येथील विद्यार्थ्याला गेल्या शतकात 'दक्षिण आशिया' हा विषय म्हणून उपलब्ध झाला आणि त्या विषयाच्या आत मराठीही शिकता आली. आपला प्रदेश दुसऱ्यांच्या अभ्यासक्रमात विषय म्हणून येतो आणि आपल्या अभ्यासक्रमात तो परिशिष्टातच राहतो, या विसंगतीचा ऐतिहासिक विचार आवश्यक आहे.

हा विचार करण्यासाठी शिरपूर हे ठिकाण विशेष उपयुक्त आहे. धुळे जिल्ह्यातील हा तालुका तापीच्या उत्तर तीरापासून सातपुड्यापर्यंत पसरलेला आहे. अरुणावतीच्या काठावरील शिरपूर गावातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. तापीकाठच्या गावांत अहिराणी आणि गुजर समाजाची गुजरी, तांड्यांवर बंजारा, बोराडी-पळासनेरच्या बाजूला पावरा आणि भिल्ल यांच्या बोली, बिजासन घाट ओलांडून सेंधव्याकडे गेल्यावर निमाडी, बाजारात व महामार्गावर हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी अशी येथील भाषिक स्थिती आहे. या गावातील महाविद्यालयाच्या एका वर्गात बसलेल्या मुलामुलींच्या घरी अशा अनेक भाषा बोलल्या जात असतात. जगातील कोणत्याही प्रदेशाभ्यासाच्या विभागाला हेवा वाटावा अशी ही सामग्री आहे. परंतु वर्गात प्रवेश करताना ती सामग्री दाराबाहेर ठेवावी लागते. असे का घडते, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

२

परदेशातील प्रदेशाभ्यासाचा उगम निर्मळ ज्ञानजिज्ञासेत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेला १९१६ मध्ये सनद मिळाली ती साम्राज्याच्या प्रशासकीय गरजेतून. १९३८ मध्ये तिच्या नावात आफ्रिकेची भर पडली. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन यांनी १९४८ मध्ये दक्षिण आशियाई प्रदेशाभ्यासाचा विभाग उभा केला, तेव्हा दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परकीय भाषांच्या अध्यापनाला शासकीय अर्थसाहाय्य दिले. 'संरक्षण' हा शब्द त्या कायद्याच्या नावातच आहे. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम'नंतर (१९७८) ज्ञान आणि सत्ता यांचा हा संबंध सर्वपरिचित झाला आहे.

तथापि, या टीकेने प्रश्न संपत नाही. सत्तेच्या गरजेतून निर्माण झालेल्या या विद्याशाखेने अध्यापनाचा एक क्रम सिद्ध केला आणि तो क्रम मुळातून तपासण्याजोगा आहे. या क्रमात विद्यार्थी प्रथम भाषा बोलायला शिकतो, मग वाचायला, आणि त्याच वेळी ती भाषा बोलणाऱ्या समाजाचा इतिहास, नातेव्यवस्था, धर्मव्यवहार, शेती, बाजार यांची ओळख करून घेतो. साहित्य या सर्वांच्या मध्ये येते. ते सर्वांपासून अलग अशा उंच पीठावर बसवलेले नसते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील लहान महाविद्यालयांनी एकत्र येऊन पुण्यात दीर्घकाळ चालवलेला अभ्यासक्रम हे याचे मराठीतील ठळक उदाहरण होय. कार्लटन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या एलिनॉर झेलियट यांच्याशी निगडित असलेल्या या उपक्रमातून पदवीचे विद्यार्थी पुण्यात येत, मराठी शिकत, कुटुंबांत राहत आणि स्वतः निवडलेल्या एखाद्या विषयावर छोटा प्रकल्प करीत. पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना अभ्यासकाची भूमिका दिली जात होती.

मॅक्सीन बर्नसन यांचे कार्य येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठासाठी त्यांनी फलटणच्या बोलण्यातील भाषिक विविधतेवर प्रबंध लिहिला आणि पुढे जाई निंबकर यांच्यासह मराठीचे संदर्भ-व्याकरण सिद्ध केले. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. फलटण हे शिरपूरसारखेच तालुक्याचे गाव. एका तालुक्याच्या गावातील जाती, शिक्षण आणि वय यांनुसार बदलणारे बोलणे हा विद्यापीठीय ज्ञानाचा विषय होऊ शकतो, हे त्या प्रबंधाने दाखवून दिले. बर्नसन फलटणमध्येच राहिल्या आणि तेथे शाळा चालवण्यापर्यंत त्यांचा प्रवास झाला. म्हणजे बाहेरून आलेली दृष्टी बाहेरचीच राहते, हा नियम नव्हे. प्रश्न असा की, फलटणच्या किंवा शिरपूरच्या विद्यार्थ्याला हीच दृष्टी त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयात का मिळू नये?

३

खानदेशाचे लिखित ज्ञान ज्या क्रमाने निर्माण झाले, त्या क्रमात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८८० मध्ये कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशविषयक खंड प्रसिद्ध झाला. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि १९०७ मध्ये ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग बाहेर पडला. या भागात खानदेशीचा समावेश भिल्ल भाषांबरोबर केलेला आहे. मराठीचा खंड वेगळा आणि दोन वर्षे आधीचा. षष्ठीचा ना-नी-ना हा प्रत्यय, सप्तमीचा 'मा' अशा रूपांमुळे ही भाषा गुजरातीच्या जवळ जाते, हे ग्रियर्सन यांच्या वर्गीकरणामागील कारण होते. 'घरना', 'घरमा' ही रूपे मराठी कानाला गुजराती वाटतात. 'घरले' हे रूप त्याच कानाला वऱ्हाडीची आठवण करून देते. 'मी करस', 'तू करस', 'तो करस' असे एकवचनात तिन्ही पुरुषांना एकच रूप वापरणारी ही भाषा मराठीच्या शालेय व्याकरणात बसत नाही.

ग्रियर्सन यांचे वर्गीकरण वादग्रस्त आहे आणि पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. परंतु येथे महत्त्वाची आहे ती त्या सर्वेक्षणाची पद्धती. प्रत्येक भाषेत बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर करून घ्यायचे, एखादा स्थानिक मजकूर लिहून घ्यायचा आणि शब्द व वाक्ये यांची ठरावीक यादी भरून घ्यायची, अशी ती पद्धती होती. नमुने गोळा करण्याचे काम बहुतांशी जिल्ह्याच्या यंत्रणेमार्फत झाले. या व्यवहारात बोलणारा माणूस नमुना पुरवतो आणि निष्कर्ष दुसरा कोणी काढतो. खानदेशी माणूस भाषाशास्त्राच्या इतिहासात प्रवेश करतो तो असा, माहितीदाता म्हणून.

जनगणनेने ही भूमिका कायम ठेवली. स्वातंत्र्योत्तर जनगणनेच्या भाषिक तक्त्यांत खानदेशी ही मराठीपासून वेगळी मोजली जाते. १९९१ मध्ये तिच्या भाषकांची संख्या सुमारे ९ लाख ७४ हजार होती, २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार आणि २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट होणारी आणि पुढील दहा वर्षांत घटणारी ही संख्या भाषकांच्या वाढीचा वा घटीचा आलेख असू शकत नाही. 'तुमची मातृभाषा कोणती?' या प्रश्नाला लोक कोणत्या वेळी काय उत्तर देतात, याचा तो आलेख आहे. त्या उत्तरात अभिमान, संकोच, शाळेचा संस्कार आणि प्रगणकाची घाई हे सर्व मिसळलेले असते. पावरीसारख्या बोली तर 'भिली' या व्यापक शीर्षकाखाली जमा होतात. तक्ता वाचण्याची ही दृष्टी पदवीच्या विद्यार्थ्याला शिकवता येण्यासारखी आहे; ती शिकवली जात नाही.

४

विद्यापीठीय शिक्षणाचा इतिहास पाहिला तर प्रदेशाची अनुपस्थिती अपघाती नाही, हे दिसून येते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषा आरंभीच्या काही वर्षांनंतर वगळल्या गेल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीला एम. ए.च्या पातळीवर पुन्हा प्रवेश मिळाला. संस्कृत आणि इंग्रजी यांच्या तोडीची प्रतिष्ठा मराठीला मिळवून द्यायची, तर तिची अभिजात परंपरा, तिचे ग्रंथ आणि तिचे प्रमाणरूप पुढे करणे त्या काळात स्वाभाविक होते. ज्या भाषेला स्वतःचे स्थान सिद्ध करायचे असते, ती आपल्या घरातील बोली पाहुण्यांपुढे आणत नाही. मराठीच्या अभ्यासक्रमाचा साचा या बचावात्मक अवस्थेत घडला आणि पुढे ती अवस्था संपल्यावरही साचा टिकून राहिला.

खानदेशात जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४४ मध्ये आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले, तेव्हा हा साचा तयारच होता. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाचे मुख्यालय प्रदेशात आले, परंतु प्रदेश अभ्यासाचे एकक होण्यासाठी एवढे पुरेसे नसते. भाषाविज्ञानाची स्थितीही अशीच. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि भाषाविज्ञानाचे मोठे केंद्र ठरले. परंतु त्यामुळे बोलींचा प्रत्यक्ष अभ्यास हे पदव्युत्तर तज्ज्ञांचे काम आहे, असा समजही दृढ झाला. पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली ती स्वन, स्वनिम, पद यांच्या व्याख्या आणि 'मराठीच्या प्रमुख बोली' हे एक प्रकरण. या प्रकरणात अहिराणीला दीड-दोन पाने मिळतात. ती ज्याची मातृभाषा आहे तो विद्यार्थी तिची वैशिष्ट्ये पाठ करून परीक्षेत लिहितो. स्वतःच्या आईचे बोलणे पुस्तकातून पाठ करण्याचा हा प्रसंग शिक्षणव्यवस्थेवर पुरेसे भाष्य करतो.

विद्यापीठाबाहेर मात्र खानदेशात ज्ञानाची मोठी परंपरा होती. इतिहासाचार्य राजवाडे यांचा मृत्यू १९२६ च्या अखेरीस धुळ्यात झाला आणि १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अमळनेरला प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. अमळनेरलाच १९५२ मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 'मराठी भाषा : उद्गम व विकास' या ग्रंथाचे कर्ते कृ. पां. कुलकर्णी यांच्याकडे होते. परंतु या परंपरेची दृष्टी कागद, शिलालेख, पोथी आणि व्युत्पत्ती यांकडे लागलेली होती. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका आरंभली. तिचे खंड कोंकणी, कुडाळी, वारली अशा प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्याच्या बाजूच्या बोलींवर निघाले. अहिराणीचा शब्दकोश प्रसिद्ध होण्यासाठी १९९७ साल उजाडावे लागले. रमेश सूर्यवंशी यांचा तो कोश आणि त्याच सुमारास आलेला त्यांचा भाषावैज्ञानिक अभ्यास हे एका व्यक्तीच्या चिकाटीचे फळ होते. पुढे गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला. या सर्व प्रयत्नांचा उगम पदवीच्या वर्गात नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

५

प्रदेशाचे ज्ञान नसल्याने साहित्यसमीक्षेचे काय नुकसान होते, हे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली आणि मराठी समीक्षेने त्यांचे स्वागत केले. निरक्षर स्त्रीच्या मुखातून आलेले तत्त्वज्ञान हा या स्वागताचा मुख्य सूर होता. त्यांच्या भाषेला सरसकट 'अहिराणी' म्हणण्याचा प्रघात अजूनही आढळतो. वस्तुतः आसोदे-जळगाव परिसरातील ही भाषा लेवा गणबोलीच्या अंगाने जाणारी आहे. 'ळ'च्या जागी 'य' किंवा चतुर्थीचा 'ले' हे विशेष तिच्यात आणि अहिराणीत समान आहेत. परंतु षष्ठीचा 'चा' तिच्यात मराठीप्रमाणे आहे, अहिराणीचा 'ना' नाही. शिरपूरच्या अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक एका तासात दाखवता येतो, कारण 'मना' आणि 'माझा' यांतील अंतर त्याच्या कानाला आधीच ठाऊक असते.

हा फरक केवळ नावाचा नाही. जात्यावरची ओवी, शेतीची परिभाषा, माहेर-सासरच्या बोलीतील अंतर, मौखिक रचना कागदावर उतरताना पुत्र सोपानदेव व आप्तांच्या हातून झालेले लेखन, यांचा विचार केल्यावाचून या कवितेची संहिताच निश्चित होत नाही. संहिता निश्चित नसताना प्रतिभेची स्तुती करणे हे समीक्षेचे काम अर्धवट सोडण्यासारखे आहे. प्रदेशाभ्यासामुळे साहित्याचा दस्तऐवज होतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो निराधार नाही; कवितेला समाजशास्त्राचे टिपण म्हणून वाचणारे अभ्यास विपुल आहेत. परंतु बहिणाबाईंच्या बाबतीत उलट घडले. भाषेचा व प्रदेशाचा अभ्यास न झाल्यामुळे त्यांची कविता सुभाषितांचा संग्रह म्हणून वाचली गेली. तिच्यातील रचनेचे कौशल्य दाखवायचे, तर बोलीच्या ध्वनिव्यवस्थेपासून आरंभ करावा लागतो.

६

पदवीचा विद्यार्थी आणि त्याचा प्रदेश यांच्यातील दुराव्याची सर्वांत प्रसिद्ध मराठी कथा खानदेशातच जन्मली, हा योगायोग नव्हे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील सांगवीहून पुण्याला महाविद्यालयात जातो आणि पदवी न घेता गावी परततो. या कादंबरीचे वाचन बहुधा अस्तित्ववादी परात्मतेच्या अंगाने झाले. त्या वाचनात एक साधी गोष्ट मागे पडली : या तरुणाला जे शिकवले जाते त्यात तो जेथून आला त्या जगाला कोठेही जागा नाही. परात्मतेचे एक कारण अभ्यासक्रमातही असू शकते.

हेच नेमाडे १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या प्राच्यविद्या व आफ्रिकाविद्या संस्थेत अध्यापनासाठी गेले. मराठी कथांची इंग्रजी भाषांतरे करणारे इयन रेसाइड हेही तेथेच मराठी शिकवत. यावल तालुक्यातील एका खेड्यातून आलेला लेखक लंडनमध्ये मराठी शिकवतो, त्या वेळी मराठी ही एका प्रदेशाची जिवंत भाषा म्हणून समोर असते. आपल्याकडील विशेष पातळीच्या वर्गात ती ग्रंथांची मालिका असते. नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीचे श्रेय या अनुभवाला देणे घाईचे ठरेल. परंतु साहित्याचा विचार भूमी, भाषा आणि समूह यांच्या संदर्भात करण्याचा त्यांचा आग्रह आणि प्रदेशाभ्यासाची भूमिका यांत साम्य आहे, एवढे म्हणता येईल. देशीवादावर तीस-पस्तीस वर्षे वाद झाले. देशीवादी म्हणवणाऱ्या विभागांतही पदवीचा अभ्यासक्रम 'देशी' कसा होईल, या प्रश्नावर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.

७

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'खानदेश म्हणजे अहिराणी' असे समीकरण मांडून प्रदेशाभ्यास उभा केला, तर पुणेरी प्रमाणभाषेने खानदेशाशी जे केले तेच खानदेश सातपुड्याशी करील. शिरपूरच्या शेजारी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याला, १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या रूपाने आदिवासी शेतमजुरांचे आंदोलन उभे राहिले. त्यातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून इतरांनी सांगायचे आणि आदिवासींनी खाली बसून ऐकायचे, या स्थितीवर बोट ठेवणारी त्यांची 'स्टेज' ही कविता भाषांतरांद्वारे दूरवर पोहोचली. माहितीदाता आणि अभ्यासक यांच्यातील श्रेणीचा हा प्रश्न आहे आणि तो कवितेने अभ्यासक्रमाच्या आधी विचारला. अहिराणीच्या चळवळीलाही तो लागू पडतो. पावरी बोलणारी मुलगी शिरपूरच्या वर्गात येते तेव्हा तिच्या दृष्टीने अहिराणी ही बाजाराची, मालकाची, प्रबळांची भाषा असू शकते. प्रमाण मराठीपुढे दुय्यम असलेली भाषा दुसऱ्या भाषेपुढे प्रबळ असते, हे भाषिक सत्तासंबंधांचे वास्तव शिरपूरइतके स्पष्ट क्वचितच दिसेल.

म्हणूनच प्रदेश हे एकक मानताना त्याची व्याख्या एका भाषेच्या सीमेने करता येणार नाही. अनेक भाषा परस्परांना प्रतिसाद देत, उसने घेत आणि दाबत जेथे एकत्र नांदतात ते क्षेत्र म्हणजे प्रदेश, अशी व्याख्या करावी लागेल. ग्रियर्सन यांना ज्या मिश्रणामुळे वर्गीकरणाचा प्रश्न पडला, ते मिश्रणच मग अभ्यासाचा विषय होते.

८

शिरपूरची आजची शैक्षणिक ओळख अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र यांची आहे. कला शाखेला मिळणारे स्थान तेथेही इतरत्र मिळते तसेच आहे. या परिस्थितीत प्रदेशाभ्यासाची अपेक्षा ही चैन वाटण्याचा संभव आहे. परंतु याच तालुक्यातील पदवीधर पुढे शिक्षक, आरोग्यसेवक, ग्रामसेवक, वकील होऊन सातपुड्याच्या पायथ्याशी काम करतात. पहिलीतल्या पावरा मुलाला मराठी का समजत नाही, हे ज्या शिक्षकाला कळत नाही तो त्या मुलाला मंद ठरवतो. पदवीच्या वर्गात वगळलेल्या ज्ञानाची किंमत अशा रीतीने प्राथमिक शाळेत मोजली जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या रचनेत क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी निगडित उपक्रम यांना श्रेयांकांची जागा मिळाली आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. यांपैकी पहिली गोष्ट प्रदेशाभ्यासाला अनुकूल ठरू शकते. दुसरीमुळे ग्रंथनिष्ठ, प्राचीनतेकडे पाहणारा जुना साचा पुन्हा बळकट होण्याचा धोका आहे. क्षेत्रप्रकल्पाचेही कागदी सोपस्कारात रूपांतर होणे अवघड नाही. ते टाळायचे तर विद्यार्थ्याला साधने द्यावी लागतील : ध्वनिलेखनाची ओळख, शब्दसंग्रहाची शिस्त, जनगणनेचा तक्ता आणि गॅझेटियर वाचण्याची चिकित्सक दृष्टी, आणि आपण ज्यांच्याकडून माहिती घेतो त्यांच्याशी असलेल्या नात्याची जाणीव. यांतील कोणतीही गोष्ट एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची नाही. परदेशातून पुण्यात आलेल्या त्याच वयाच्या विद्यार्थ्यांनी ती नव्याने शिकलेल्या भाषेत करून दाखवली होती.

शिरपूरच्या विद्यार्थ्याजवळ भाषा आधीच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजाने उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्या बोलीत सांगितली आणि ती दुसऱ्याने लिहून घेतली. ती सांगणारा आणि लिहून घेणारा एकच असेल, अशी व्यवस्था पदवीच्या वर्गात करणे हा प्रदेशाभ्यासाचा किमान अर्थ आहे.